तिसऱ्या डिस्कमधली नावाडीण

३ तारीख, मंगळवार

ही वही विकत घेतली त्याला अकरा महिने झाले. पहिल्या पानावर एक फुलपाखरू काढलंय. दुसऱ्यावर कुणाचा तरी फोन नंबर आहे, कुणाचा ते देव जाणे. रोज वाटायचं, काहीतरी घडू दे, मग लिहू. घडलं की वाटायचं, घडून गेलं, आता लिहून काय उपयोग. आज मात्र मावशीने वही माझ्यापुढे आपटली आणि वर चिठ्ठी ठेवली: "काय काय केलंस ते लिहून ठेव. तुझं डोकं म्हणजे चाळण."

तर लिहिते. आठ दिवसांपूर्वी मी मावशीकडे आले. त्याआधी दीड महिना कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात होते. त्याआधी झेरॉक्सवाल्याकडे, त्याआधी एका फिरत्या प्रदर्शनात तिकिटं फाडत. मावशी मला भिंगरी म्हणते ते उगीच नाही. दुरुस्तीचं दुकान सोडते म्हटल्यावर मालक इतके खूश झाले की जुन्या सामानाच्या खणातली एक रॅमची पट्टी मला भेट दिली. रॅम म्हणजे कॉम्प्युटरचा ओटा. ओटा जेवढा मोठा तेवढा पसारा एका वेळी मांडता येतो. मावशीकडे रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून आल्या आल्या ती तिच्या मशीनमध्ये बसवली. आता मशीन हरणासारखं पळतं.

काका म्हणाले, "स्पीड वाढवण्याआधी ब्रेक तपासावेत." काका लोकांना गाडी शिकवतात. खुर्चीत बसले तरी त्यांचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक शोधत असतो.

आता मुख्य गोष्ट. मावशी शाळेत खेळ शिकवायची. मैदानाच्या एका टोकाला ती "सावधान" म्हणाली की दुसऱ्या टोकाला सायकल दुरुस्त करणारासुद्धा ताठ उभा राहायचा. दीड वर्षापूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता नुसती कुजबुज उरलीय, तीही दोन वाक्यांत दमते. मग ती टाळ्या वाजवते. एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे गाढवा.

वीस वर्षांपूर्वी तिच्या शाळेतून बाहेर पडलेल्या चार पोरांनी मिळून एक कॉम्प्युटर गेम केला होता. राजपुत्र, नदी, हरवलेला मुकुट वगैरे. त्यात नदीवर एक तोंडाळ नावाडीण आहे. तिच्यासाठी आवाज कुणाचा घ्यायचा यावर पोरांनी क्षणभरही विचार केला नाही. मावशीने एका दुपारी, आवाज घुमू नये म्हणून उशा लावलेल्या खोलीत बसून सगळी वाक्यं म्हटली. पोरं चार दिशांना गेली, त्यांच्याकडे आता काही उरलेलं नाही. मावशीकडे एक खोका आहे, त्यात तीन डिस्क. तिचा आवाज जगात दुसरीकडे कुठेही नाही. लग्नाच्या कॅसेटमध्येसुद्धा ती नुसती हसतेय.

"तो गेम चालव," एवढंच तिने मला सांगितलं. मी म्हटलं, "दहा मिनिटांचं काम."

पहिली डिस्क नीट गेली. दुसरी घातली. ४३ टक्क्यांवर अडलं. "फाइल खराब आहे: पूल-०३. डिस्क तपासा." चहाची वेळ झाली म्हणून सोडलं.

४ तारीख, बुधवार

डिस्क पुसायला मऊ कापड हवं होतं. आणायला गेले. वाटेत एक माणूस रस्त्यावर भलामोठा आरसा नेत होता. आरशात अख्खी गल्ली उलटी चालताना दिसत होती, म्हणून थोडं त्याच्या मागे गेले. तीन तासांनी परत आले ती एक सेकंडहँड छत्री घेऊन. कापड राहिलंच. मावशीच्या तीन टाळ्या.

शेवटी काकांच्या चष्म्याच्या कापडाने पुसली. पुन्हा सुरुवातीपासून लावलं. या वेळी ५८ टक्के. "फाइल खराब आहे: पाणी-०८." काल पूल, आज पाणी. दोन्ही दुसऱ्या डिस्कवर. म्हणजे गुन्हेगार सापडला: दुसरी डिस्क.

खिडकीत तीन बटणं येतात: पुन्हा करा, सोडून पुढे जा, रद्द करा. मी "सोडून पुढे जा" दाबत दाबत शेवटपर्यंत गेले. गेम उघडला! नदी आली, नाव आली, कमरेवर हात ठेवून नावाडीण आली. मावशी खुर्चीतून पुढे झुकली. नावाडिणीने तोंड उघडलं आणि पडदा काळा.

मावशी पुढे झुकलेलीच राहिली. मी म्हटलं, "उद्या नक्की." तिने टाळी वाजवली नाही, एकही नाही आणि तीनही नाही. ते मला जरा लागलं.

६ तारीख, शुक्रवार

दुकानात असताना ऐकलं होतं की दंतमंजनाने डिस्कवरचे ओरखडे जातात. दुसरी डिस्क मांडीवर घेऊन चांगला अर्धा तास गोल गोल घासली. चकाकायला लागली. त्यात बघून मी केसही नीट केले.

पुन्हा लावलं. १२ टक्के! "मुकुट-०१." म्हणजे पहिली डिस्क, जी दोन्ही वेळा गुमान गेली होती. बहुतेक दुसरीची लागण पहिलीला झाली. खोक्यात एकावर एक ठेवल्यावर असंच होणार.

वैतागून गॅलरीत गेले. मावशी कपडे वाळत घालत होती. बरोबर खाली शिंपीदादांचं दुकान आहे. दोरीवरून पाणी टपटपून त्यांच्या बाहेर टांगलेल्या नव्या सदऱ्यांवर पडत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शिंपीदादा किती भला माणूस! मान वर करून म्हणाले, "असू द्या, बाई. पाणीच आहे, वाळेल. तुम्ही तब्येतीला जपा." आणि सदरे मुकाट आत नेले.

मावशीच्या हातात आता जोर नसावा, चादर पिळतच नाही. मी पिळते म्हटलं तर हिसकावून घेतली आणि तशीच धबधब दोरीवर टाकली. खालून पुन्हा, "असू द्या, असू द्या." मावशीचा चेहरा लालबुंद. ऊन लागलं असेल.

काकांना सांगितलं तर म्हणाले, "हा शिंपी आणि तुझी मावशी! याच चादरीवरून एके काळी दोघांचं भांडण चौकापर्यंत ऐकू जायचं. मी गाडीत शिकाऊ पोराला सांगायचो, हा हॉर्न नाही, या माझ्या घरच्या आहेत."

म्हणजे शिंपीदादा सुधारले म्हणायचे. आजारपणाने माणसं जवळ येतात ती अशी.

७ तारीख, शनिवार

आज डोकं चालवलं. तिन्ही डिस्कमधलं सगळं आधी मशीनमध्ये कॉपी करून घ्यायचं आणि तिथूनच गेम लावायचा. म्हणजे डिस्कची कटकटच नको. दुसऱ्या डिस्कमधली एक फाइल कॉपी व्हायला नाहीच म्हणाली, पण बाकी आल्या; लावताना तिला सोडून पुढे गेले. काका शेजारी बसून टक्क्यांची पट्टी बघत होते. "हळू... हळू... आता वळण आहे... सोड क्लच..." पाय जमिनीवर दाबून दाबून त्यांची चप्पल निसटली.

८१ टक्के. "सुकाणू-१४." तिसरी डिस्क.

काकांनी जमिनीवरचा ब्रेक करकचून दाबला. मी "पुन्हा करा" दाबलं, तर सुकाणू गेलं आणि ८३ वर दुसरंच काहीतरी खराब निघालं.

मला वाटतं गेमच शापित आहे. राजपुत्राने कुणा साधूचा अपमान केला असणार. तिन्ही डिस्क सडल्या. वीस वर्षांत माणूस सडतो, प्लास्टिकचं काय.

१० तारीख, मंगळवार

दोन दिवस मशीनला हात लावला नाही. शेजारच्या इमारतीवर पाण्याची टाकी चढवत होते, ते बघितलं.

मैत्रिणीचा फोन आला. तिच्या ओळखीने एका तरंगत्या हॉटेलात काम आहे. रविवारी सकाळच्या बसने निघायचं. तरंगतं हॉटेल! मी लगेच हो म्हटलं. तशी माझी बॅग इथे आल्यापासून उघडलेलीच नाही, वरवरचे कपडे काढून वापरतेय.

मावशीला सांगितलं. म्हटलं, "हे बघ, मी सगळं करून पाहिलं. डिस्क गेल्या. काही गोष्टी जातातच." ती उठली. आत गेली. भाजी चिरायचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा जोरात. मग चिठ्ठी घेऊन आली. ती इथे चिकटवते, कारण मी तीनदा वाचली:

"दीड वर्षात माझ्याशी एक माणूस भांडलेला नाही. भाजीवाला मी दाखवेन ती जुडी मुकाट देतो. तुझे काका चूक असली तरी 'बरं' म्हणतात. सगळे काचेच्या भांड्यासारखं धरतात मला. मी होते तेव्हा कशी होते ते मलाच आठवेनासं झालंय. मला एकदा ऐकू दे. मग जा, कुठे जायचं तिथे."

खरं सांगायचं तर मला नीट कळलं नाही. न भांडणारी माणसं मिळाली तर मी पेढे वाटीन. पण अक्षर वाकडंतिकडं होतं आणि मावशीचं अक्षर कधी वाकडं नसतं.

रविवारपर्यंत चार दिवस आहेत.

११ तारीख, बुधवार

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक गृहस्थ आहेत. पूर्वी गेमच्या डिस्क भाड्याने द्यायचे, आता त्याच कपाटांत चष्म्याच्या फ्रेमा मांडतात. काकांनी पत्ता दिला. या खेपेला वाटेत कुठेही थांबले नाही. (एक पोपट होता, पण दोनच मिनिटं.)

मी तिन्ही डिस्क त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी दुसरी उजेडात धरली आणि म्हणाले, "हे काय केलंस?"

"दंतमंजन."

"दात आले का तिला?"

मी बाहीने डिस्क पुसायला गेले, तर त्यांनी हात अडवला.

"डिस्क पुसायची तर मधून बाहेर, सरळ रेषेत. गोल घासलंस की गोल ओरखडे पडतात, आणि मशीन वाचतं तेही गोल. असो. कुठे अडतं?"

"मध्येच."

"मध्येच म्हणजे? पोट दुखतंय म्हणून डॉक्टरकडे गेलीस तर कुठे दुखतंय ते दाखवतेस ना?"

तेव्हा मला या वहीची आठवण झाली. पिशवीतून काढली आणि वाचून दाखवली. ४३ ला पूल. ५८ ला पाणी. १२ ला मुकुट. ८१ ला सुकाणू, मग ८३. त्यांनी हातातली फ्रेम खाली ठेवली. "परत वाच." परत वाचलं.

"पोरी, रस्त्यात खड्डा असेल तर गाडी दर खेपेला त्याच खड्ड्यात आपटते. तुझी रोज नव्या जागी आपटतेय. खड्डे काही चालत नाहीत. रस्ता सोड, चाकं बघ."

"म्हणजे?"

"म्हणजे डिस्क नाही, मशीन. डिस्कवरून उचललेलं सामान मशीन आधी रॅमवर ठेवतं, गाठोडं सोडतं, मग आत लावतं. तिथेच सांडलवंड होत असेल तर डिस्क घासून काय होणार? मशीनमध्ये हल्ली काही नवीन घातलंय का?"

"छे. उलट मी आल्यापासून ते सुधारलंय."

"काय सुधारलंस?"

"रॅम घातली," मी म्हटलं, आणि माझं वाक्य मलाच ऐकू आलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला (सरळ रेषेत), पुन्हा घातला. हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. एवढंच म्हणाले, "लोक चोराला घरभर शोधतात आणि पाहुण्याला चहा देत बसतात."

१२ तारीख, गुरुवार

काका शिकवणीला आणि मावशी बाजारात गेलेली असताना मशीनचा डबा उघडला. माझी पट्टी काढली. भेट दिली तेव्हा मालकांचा चेहरा कसा होता ते आठवलं. खराब मालाच्या खणातलीच असणार ती. माणसाने आनंदाने काही दिलं की आधी त्याच्या आनंदाचं कारण विचारावं.

पट्टी खिशात घालून पुन्हा पहिल्यापासून लावलं. १२ गेलं. ४३ गेलं. मी खुर्चीवर उभी राहिले. ४९ टक्के: "फाइल खराब आहे: डोंगर-०२."

पुन्हा लावलं. ४९, डोंगर-०२. आणखी एकदा. ४९, डोंगर-०२. आता खड्डा जागचा हलत नाही. म्हणजे हा खरा खड्डा, आणि तो कुणी खणला ते सांगायला चष्मेवाल्यांची गरज नाही. दंतमंजन, अर्धा तास, गोल गोल.

थोडक्यात, आधी मी मशीन बिघडवलं. मग चांगल्या डिस्कवर संशय घेऊन तीही बिघडवली. मावशीचा आवाज वीस वर्षं खोक्यात सुखरूप होता, फक्त मी यायची खोटी होती.

बॅग दाराशी आहे. दुपारी एक बस जाते हे मला माहीत आहे. लिहून टाकते की मी जिन्यापर्यंत गेले होते. मग मावशी पिशव्या घेऊन वर येताना दिसली, आणि मी पिशव्या घ्यायला खाली उतरले. बॅग मागेच राहिली.

१४ तारीख, शनिवार

काल दिवसभर सांगायचं टाळलं. आज सकाळी पट्टी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, रॅमपासून दंतमंजनापर्यंत. मावशीने ऐकून घेतलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती! आवाज नाही, नुसते खांदे. हसून झाल्यावर माझा कान धरून चांगला पिळला. हातात जोर नाही म्हणत होते ना मी? भरपूर आहे.

मग चिठ्ठी: "आता?"

मी म्हटलं, "दुसऱ्या डिस्कवरची एक फाइल कायमची गेलीय. ती सोडून पुढे जाता येईल. पण मागे अशाच फाइल सोडत गेले तेव्हा पडदा काळा झाला होता. या वेळी तिच्याबरोबर काय जाईल ते मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित तू."

काका म्हणाले, "थांबा, घाई नको. आधी आरशात बघा, मग..." मावशीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. स्वतः माउस धरला आणि "सोडून पुढे जा" दाबलं.

५०. ५८. ६६, तिसरी डिस्क घाला. घातली. ८१ ला मी डोळे मिटले, ८३ ला काकांनी. १००.

नदी आली. नदीच्या मागे जिथे डोंगर हवा होता तिथे काळाकुट्ट चौकोन. नाव आली. नावाडीण आली, कमरेवर हात. तोंड उघडलं.

"ए! चपला हातात घे! नाव आहे ही, तुझ्या आत्याचं अंगण नाही!"

खिडकीची तावदानं थरथरली. आणि काकांनी, माझी शपथ, खाली वाकून चपला हातात घेतल्या. "बरं, बरं, घेतल्या," म्हणाले. मग त्यांना कळलं आपण काय केलं. चपला तशाच छातीशी धरून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मावशी रडली नाही. खुर्ची पुढे ओढली, पाठ ताठ केली, राजपुत्राला घेऊन पुन्हा नदीवर गेली.

"मध्ये काय उभा राहिलास? चढायचं तर चढ, नाही तर उतर!"

डोंगर गेला, पण मावशी वाचली.

१५ तारीख, रविवार

सकाळची बस गेली. मैत्रिणीला कळवलं, पुढच्या आठवड्यात बघू. ती म्हणाली, "तुला बरं नाहीये का?"

मावशी सकाळपासून मशीनवर. नावाडिणीची दोनशे चौदा वाक्यं आहेत. कुठलं वाक्य कुठे येतं ते ती यादी करून लिहितेय आणि मला त्या त्या ठिकाणी गेम सेव्ह करून ठेवायला लावतेय. कशाला ते सांगत नाही. स्पीकरची तार आखूड आहे, म्हणून मी ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेत, तोंड बाहेर. आवाज कमी करते म्हटलं तर दोन टाळ्या.

मघाशी ती उठली, बादलीतली चादर न पिळताच दोरीवर टाकून आली, आणि येऊन पुन्हा माउस धरून बसली. खालून नेहमीसारखं आलं, "असू द्या, बा..." आणि मावशीने बटण दाबलं.

"कोण रे तो पुटपुटतोय? पोटात अन्न नाही का? मोठ्याने बोल!"

खालचं शिलाई मशीन थांबलं. गल्लीच थांबली म्हणायला हरकत नाही. मग खालून, जरा बिचकत, "बाई? कुणाला म्हणता?"

मावशीने यादीवर बोट फिरवलं. दाबलं.

"तुलाच! दुसरं कोण उभं आहे इथे?"

मी गॅलरीत जाऊन ओरडले, "दादा, गेम आहे हो, मनावर घेऊ नका!" पण ते दुकानात नव्हते. जिन्यावर पावलं वाजत होती. शिंपीदादांचा गुडघा दुखतो. मी आल्यापासून त्यांना कधी एक पायरीही चढताना पाहिलं नाही. बिचारा भला माणूस. आता बोलाचाली होणार, आणि तीही आजारी बाईच्या घरात. दार लावून घ्यावं म्हणून धावले, तर मावशीने माझा हात पकडला, दोन टाळ्या वाजवल्या आणि वहीकडे बोट दाखवलं. लिही म्हणे.

म्हणून लिहितेय, अक्षर कसं का येईना. काका चहाचा कप धरून कोपऱ्यात उभे आहेत. पाय या वेळी ब्रेकवर नाही. जिन्यातून आवाज जवळ येतोय: "दीड वर्ष! दीड वर्ष तोंडातून शब्द काढला नाही मी! सदरे भिजले, गिऱ्हाईकं गेली, म्हटलं जाऊ दे! आणि वर मलाच विचारता, पोटात अन्न आहे का?"

आले. दारात उभे आहेत, गळ्यात टेप, धापा टाकतायत, कान लाल. मावशीने त्यांना बसा म्हटलं नाही. तिचा चेहरा मी आजवर एवढा सुंदर पाहिला नाही, आणि तिने माउसवर हात ठेवलाय.